अकरा उघड्या पाठी

मित्रांनो, मी पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून चालणाऱ्या पाच काचेच्या नळ्यांचा, लाकडी पेटीतला एक जुना रेडिओ आहे. तुमच्या घरातली यंत्रे बटण दाबताच बोलू लागतात. मला आधी तापावे लागते. मिनिटभर दम धरल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरीही स्वभावाने मी उतावळाच.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा जोडल्या, दुसरीने माझ्या दर्शनी काचेच्या आतल्या बाजूने स्टेशनांची नावे छापली. पुढची वीस वर्षे मी एका शिंप्याच्या दुकानात बोलत होतो. मापे द्यायला आलेली गिऱ्हाइके बातम्या ऐकत हात वर करून तशीच उभी राहत. मग छोटा ट्रान्झिस्टर आला. मी आधी माळ्यावर गेलो आणि तिथून भंगारात.

भंगारातून मला डागकाकांनी आणले. ते तंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले निदेशक. तारेला डाग देण्यात, म्हणजे सोल्डरिंगमध्ये, त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून हे नाव. त्यांची शिस्त अशी, की जुना रेडिओ थेट विजेला जोडायचा नाही. पाठ उघडून एका वेळी एकच भाग बदलायचा, वहीत नोंद करायची आणि शेवटी वाटेत एक बल्ब घालून वीज द्यायची. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर रेडिओ ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट.

पण फळीवर माझ्याआधीचे अकरा रेडिओ होते आणि अकरांच्याही पाठी उघड्या होत्या. बल्ब लावायची वेळ आली, की काकांचा जीव खालीवर होई आणि ते भंगारवाल्याकडे आणखी एक रेडिओ बघायला जात.

माझे कपॅसिटर बदलून झाले, त्या दिवशी काका बल्ब आणण्याऐवजी माझी काच पुसत बसले. ओल्या फडक्याने, तीही आतून. अर्धी स्टेशने फडक्यावर उतरली. असे कधी करू नका म्हणून ज्यांनी विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना बजावले, ते फडक्याकडे बघतच राहिले. मग वही मिटून त्यांनी चपला घातल्या. मी मनात म्हटले, झालो बारावा.

काकूंनी दारातच विचारले, कुठे निघालात?

“भंगारवाल्याकडे एक आलाय म्हणे. नुसता बघून येतो.”

“तुम्ही बघायला गेलात, की तो तुमच्याबरोबरच येतो.”

“अगं, याची नावंच गेली. आता यात काय राहिलंय?”

“नावं गेली. स्टेशनं काय तुम्ही पुसलीत?” काकू म्हणाल्या. “जळला तर जळला. पण एकाचा तरी निकाल लावा.”

काकांनी मागे फिरून बल्ब जोडला. बटण फिरले आणि बल्ब लख्ख पेटला. तो मंदावेना. काकांचा हात प्लगकडे गेला, तोच उजेड हळूहळू उतरू लागला आणि माझे व्हॉल्व्ह लालसर झाले. मग त्यांनी बल्ब काढून मला थेट वीज दिली. मी घुरघुरलो, खरखरलो आणि काचेच्या कोऱ्या भागातून कोणीतरी शांतपणे हवामान सांगू लागले.

ते संपले तसे काका उठले. चपला त्यांच्या पायातच होत्या. पण त्यांनी पेचकस घेतला, माझ्या पाठीचे झाकण बसवले आणि चारही स्क्रू आवळले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात जरूर घाला. पण तिची पाठ उघडलीत, तर ती झाकेपर्यंत तिच्यापाशी बसा. तुमच्या हातून चूक होईल, थोडे पुसले जाईल. तेवढ्याने आम्ही मुके होत नाही. उघडे टाकून निघून जाता, तेव्हा होतो.