भित्रा की भिडस्त

जेवणाच्या सुट्टीत दुभाषी बाई डबा न उघडताच व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती.

चौकशी कारखान्यातल्या अपघाताची होती. यंत्राची संरक्षक जाळी निघालेली होती आणि यंत्रात एका कामगाराचा हात सापडला. जाळी निघाल्याचं त्याच्या जोडीदाराला आधीपासून ठाऊक होतं. हा जोडीदार स्पॅनिश बोलणारा. त्याची साक्ष बाई इंग्रजीत सांगत होती.

"मुकादमाला का नाही सांगितलंत?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

मान खाली घालून तो म्हणाला, "मी अपोकादो आहे."

बाईच्या तोंडून झटकन निघून गेलं, "कॉवर्ड."

वकिलाने शब्द वरच्या वर झेलला. "भित्रा. म्हणजे वेळ आल्यावर पळालातही असाल."

आणि सुट्टी झाली.

बाईने ताईला फोन लावला. ताई याच कामात मुरलेली.

"अपोकादो म्हणजे भित्रा नाही गं," बाई म्हणाली. "आपण भिडस्त म्हणतो ना, तसा. मुखदुर्बळ."

"मग टिमिड म्हणायचंस."

"सुचलंच नाही. आता?"

"आता गप्प बस. चूक कबूल केलीस तर पुढे काम कोण देईल? झाकली मूठ राहू दे."

बाईने फोन ठेवला. शाळेत भर वर्गात हात वर करायला ती कधी धजली नव्हती.

सगळे परत बसले, तशी ती उभी राहिली. "साहेब, मघाचा एक शब्द मी चुकीचा सांगितला. चूक माझी. साक्षीदार म्हणाला, तो टिमिड आहे."

"त्याने काय फरक पडतो?" वकील हसला. "शेवटी घाबरटच."

चौकशीच्या अध्यक्षांनी बाईकडे पाहिलं. "पडतो का?"

"पडतो, साहेब. वरच्या माणसासमोर याची जीभ उचलत नाही. पळाला, असं तो कुठेच म्हणालेला नाही."

अध्यक्षांनी शब्द दुरुस्त करून घेतला आणि साक्षीदाराला विचारलं, "हात सापडल्यावर तुम्ही काय केलंत?"

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. यंत्र त्यानेच बंद केलं होतं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत जखमी जोडीदाराचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला होता. अडखळत, थांबत त्याने सगळं सांगितलं. बाईने एकेक शब्द तोलून पुढे दिला.

दुभाष्यांना काम देणाऱ्या कचेरीच्या पुढच्या आठवड्याच्या यादीत बाई नव्हती. दोन दिवस तिने घरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी कचेरीत गेली आणि थरथरत्या आवाजात, पण सगळ्यांसमोर, कारण विचारलं.