चितारओळीत घडलेली बोलेट

मित्रांनो, मी मातीची एक जुनी अळंबी आहे. हसा खुशाल, पण मी नसते तर मध्य प्रांताच्या या राजधानीत, नागपुरात, मुलींच्या एका शाळेतला वनस्पतिशास्त्राचा वर्ग बंद पडला असता.

नुसती चित्रं दाखवून शास्त्र शिकवण्यापेक्षा मुलींना शिवण शिकवा, असं इन्स्पेक्टरसाहेब बजावून गेले होते. गणपती झाले की ते पुन्हा येणार होते. शास्त्र शिकवणाऱ्या इंदुताई हटून बसल्या. त्यांनी बालाघाटच्या सालवनातून खरी बोलेट अळंबी मागवली, तर ती टोपलीतच सडायला लागली. तशीच ती घेऊन, तिच्यासारखी मातीची करून घ्यायला, इंदुताई मूर्तिकारांच्या चितारओळीत रंभाबाईंकडे आल्या. रंभाबाई मूर्ती घडवत. ऐन घाईत त्यांनी मला घडवलं. जाड देठ, तपकिरी टोपी, रंग तर असा की मीच माझ्यावर खूश! तळ मात्र कोरा राहिला. मूर्तीचा तळ त्या ओळीत कुणी रंगवतच नाही.

इंदुताईंनी मला उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खालून कोण पाहून राहिलं, बाई?" रंभाबाई म्हणाल्या. "पाटावर बसली का झालं."

"हिची ओळखच खाली आहे, रंभाबाई. बहुतेक अळंब्यांना तिथे पातळ पाती असतात. हिला बारीक नळ्यांची तोंडं असतात. ती नसली तर मी हिला बोलेट कशी म्हणू?"

रंभाबाईंनी त्या सडक्या अळंबीचा तळ बोटाने चाचपला. मग हातातला गणपती बाजूला ठेवून त्यांनी मला ओल्या मातीचा नवा थर दिला आणि बाभळीच्या काट्याने एकेक छिद्र पाडायला बसल्या. मला टोचलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

साहेब आले. त्यांनी मला वच्छला नावाच्या विद्यार्थिनीच्या हाती दिलं. तिने लगेच मला उलटं धरलं. पाती नाहीत, छिद्रं आहेत, म्हणून ही बोलेटांच्या कुळातली, असं ती म्हणाली. यांतल्या काही जाती कापल्या की निळ्या पडतात, हेही तिने सांगितलं. मग त्या विषारी का, असं साहेबांनी विचारलं.

"निळ्या पडल्या म्हणून तसं म्हणता येत नाही, साहेब. पण जात पक्की ओळखल्याशिवाय कोणतीच तोंडात घालायची नाही."

साहेबांचं समाधान झालं आणि वर्ग टिकला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

आता इथे वच्छलाच शिकवते. परवा कपाट साफ करताना मला चकचकीत तेलरंग द्यायचं कुणीतरी काढलं. तिने मला पटकन उचललं.

"रंग उडाला तर उडू द्या," ती म्हणाली. "छिद्रं बुजली तर हिले घेऊन मी काय शिकवू?"

मित्रांनो, शाळेतल्या जुन्या वस्तू सजवू नका, सांभाळा. मऊ कुंचल्याने धूळ झाडा आणि त्या मुलींच्या हाती द्या. हाताळताना माझा देठ एकदा तुटला, तो सरसाने जोडला. पुन्हा तुटला तर पुन्हा जोडा. वर्ग भरला की मी टेबलावर हजर असणारच.