गालउशी

माघातली सांज. केळीच्या बागांवरून कोवळं सोनं हळूहळू निसटत होतं. पलीकडे सातपुडा निळा, अधिक निळा, अखेर जांभळा होत होता. पानापानांआड लोंबणारी केळफुलं जड होती, मूक होती, आपल्याच भाराने झुकलेली होती.

तसाच देवकाचा डावा गाल. जन्मापासूनचा. जांभळट, मऊ, ओथंबलेला; भुवईपासून हनुवटीच्याही खाली उतरलेला, वयासोबत वाढत गेलेला मांसल मेघ. "आईने ग्रहणात विळी धरली," गाव म्हणालं. विळीला हातही न लावलेली ती माउली ते ऐकत ऐकतच सरणावर गेली.

आरशाने देवकाला टाळलं, स्थळांनी टाळलं. गर्भारणी तर तिला पाहून पदराआड डोळे झाकीत. पण त्याच बाया बाळंत होत. तान्हं तिन्हीसांजेला रडून रडून काळंनिळं पडे. ओवा होई, धुरी होई, दृष्ट काढून होई. मग मुकाट दारात उभ्या राहत. "देवकाबाई, घे वं जरा."

ती घेई. त्या उष्ण, मृदुल, स्निग्ध गालावर इवलं डोकं टेकलं, की रडं विरून जाई. चेहरा कसा असावा लागतो, हे तान्ह्यांना कुठे कुणी सांगितलेलं असतं! किती माथी निजली तिथे! तेलभरल्या टाळूंचा गंध, ओल्या ओठांची लाळ, मुठीत घट्ट धरलेली तिची बट. साऱ्या आठवणींचं जावळ तिच्या त्वचेवर अजून भुरभुरत होतं.

आता तो मेघ डाव्या डोळ्यावर उतरला होता. उजवा डोळा लहानपणी गोवरातच गेलेला. जळगावचे डॉक्टर म्हणाले, आत्ताच कापू, नाहीतर हाही जाईल. उद्या सकाळची गाडी होती, आणि देवका अडून बसली होती.

"तुझं बाळ होऊ दे. एकदा निजू दे इथे. मग कापोत."

चारू तिची भाची, त्या गालावर निजलेलं पहिलं लेकरू. आता पहिलटकरीण होऊन माहेरी आलेली.

"म्हणजे निजवशील त्याला, अन् तोंड नाही बघणार? माझ्यासारखं नकटं निघालं तर हसायला कोण आहे मला, आत्या?"

देवका हसली. गाल हलला, सावकाश, लाटेसारखा. मग हसू मध्येच अडलं.

"अन् रडलं तर? सपाट गाल घेऊन काय करू मी?"

 चारू ओट्यावर जवळ सरकली, आत्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, आणि तो गाल आपल्या भरल्या पोटावर टेकवला.

आतून एक लाथ आली. गालाने झेलली. दुसरी आली, तीही झेलली. देवकाच्या ओठांतून जुनी, बिनशब्दांची गुणगुण झरू लागली. लाथ मंद झाली, अधिक मंद झाली, थांबली.

"निजलं," देवका कुजबुजली. "सकाळच्या गाडीला उठव मला. आत्ता मात्र हलू नको."

चारू हलली नाही. अंधार उतरला, हळू, हळू, तिघांच्या श्वासांवर.