धुक्यातली घंटा

नव्या पाळकांवर मावशींचा पहिल्या दिवसापासून काडीचाही विश्वास नव्हता. समुद्राकाठच्या त्या अँग्लिकन चर्चच्या किल्ल्या मावशींकडे, घंटा वाजवायचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्याकडे. आणि हा कालचा आलेला माणूस चर्चचा इतिहास लिहायचा म्हणून बाकं ठोकून बघत फिरतो? जुन्या सागवानाला काय भाव आलाय, हे मावशींना चांगलं ठाऊक होतं. म्हणे इतिहास! पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं.

एका दुपारी त्यांनी त्याला रंगेहाथ पकडलं. पाळकसाहेब टॉर्च घेऊन पुढच्या बाकाखाली उताणे पडले होते.

"गिऱ्हाईक ठरलं वाटतं?" मावशींनी विचारलं.

पाळक केसांतली जळमटं झटकत बाहेर आले. "मावशी, ही बाकं फुटलेल्या जहाजांच्या लाकडाची आहेत."

"त्यात काय नवल? शेंबडं पोरही सांगेल. समुद्रानं दिलं, आम्ही देवाच्या घरात लावलं."

"पण इतकी जहाजं आपल्याच खडकांवर का फुटायची?"

त्यांनी मावशींना खिडकीशी नेलं. खाली काळे खडक, बंदर पार वळणापलीकडे. "धुकं पडलं की आपण घंटा वाजवतो. गावच्या होड्यांना माहीत असतं, घंटेपासून लांब राहून वळसा घालायचा. परक्या जहाजाला कोण सांगणार? त्याला वाटणार, घंटा वाजते तिथेच बंदर."

मावशी खिडकीपासून वळल्या. समोरच्या भिंतीवर आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी होती: धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी हा रात्रभर जागला.

"आजोबांना हे माहीत होतं का?" पाळकांनी हळूच विचारलं. "त्यांना पाहिलेल्यांपैकी तुम्हीच उरलात. तुम्ही सांगाल तेच लिहीन."

मावशींना आजोबा लख्ख दिसले. धुकं उतरायला लागलं की घंटेकडे जाण्याआधी ते हातगाडीच्या चाकांना तेल घालायचे आणि मुलांना बजावायचे, "आज लवकर झोपा रे. पहाटे किनाऱ्यावर जायचंय."

"नव्हतं," मावशी म्हणाल्या. "देवमाणूस होता तो."

पाळकांनी मान डोलावली. खिशातून वही काढून त्यांनी तेच शब्द लिहून घेतले. ज्याच्या मागे त्या चोर समजून फिरल्या होत्या, त्यानं त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मावशींना त्याच्याकडे मान वर करून बघवेना.