नदीपलीकडे बंदूक कोण नेणार

मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत लॉवेल ब्रेकहुसने चार जणांना एकच प्रश्न विचारला आणि त्याला पाच उत्तरं मिळाली. पाचवं उत्तर शेरीफच्या कचेरीतल्या डार्लाचं. सकाळी तिने सांगितलेलं दुपारी स्वतःच फोन करून मागे घेतलं होतं.

प्रश्न अगदी साधा होता. सोळा वर्षांची मुलगी एकटी गाडी चालवत, मागच्या सीटवर छऱ्यांची बंदूक ठेवून, मिनेसोटा राज्यातून नदी ओलांडून पलीकडच्या डकोटात जाऊ शकते का? शनिवारी पलीकडच्या मैदानावर शाळांच्या नेमबाजीची शेवटची फेरी होती. त्याच्या ब्रिनने वर्षभर मातीच्या उडत्या तबकड्या फोडून संघात जागा मिळवली होती. दर वेळी तिला लोर्ना मावशी घेऊन जायची. पण सोमवारी लोर्नाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला गाडीला हात लावायची बंदी केली.

डार्ला सकाळी म्हणाली, "पेटीत बंद असेल तर खुशाल जाऊ दे." दुपारी म्हणाली, "मी अलीकडचं बोलले रे. पलीकडचं मला काय माहीत?" पलीकडच्या कचेरीतल्या माणसाने उलट विचारलं, बंदूक शिकारीची की खेळाची? लॉवेल म्हणाला, खेळाची. त्यावर तो बराच वेळ कागद चाळत राहिला आणि शेवटी म्हणाला, "शिकारीची असती तर सांगता आलं असतं." शिकारखात्याच्या ट्रॉयने पूल ओलांडेपर्यंत एक नियम आणि ओलांडल्यावर दुसरा असं काहीतरी समजावलं. काडतुसं डिकीत ठेवायची म्हणाला, आणि ब्रिनची गाडी म्हणजे उघडी पिकअप आहे, तिला डिकीच नाही, हे कळल्यावर पुन्हा पहिल्यापासून समजावू लागला. बंदुकांच्या दुकानदाराने तर लॉवेललाच वेड्यात काढलं. "आम्ही त्या वयात शाळेत घेऊन जायचो. तू भलत्याच चौकशा करतोस बुवा."

लॉवेलने दूधवाल्या कंपनीच्या कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून काढलं, बाण काढले, दोनदा खोडलं. त्या कागदाकडे बघून त्याचं डोकं गरगरायला लागलं. एका गोष्टीवर मात्र चारही जणांचं एकमत होतं. बाप बरोबर असेल तर प्रश्नच नाही. "तूच जा ना तिच्याबरोबर!" प्रत्येकाने हेच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी लॉवेल गाईंचं नाव पुढे करून फोन ठेवायचा.

आता खरं काय ते सांगायला हवं. एकोणिसाव्या वर्षी लॉवेलने दोन मित्रांबरोबर शेतीच्या अवजारांच्या दुकानाचं कुलूप फोडलं होतं. आठ महिने तुरुंगात काढले. सुटताना वकिलाने बजावलं होतं, "बंदूक हा शब्दसुद्धा विसर. हातात नको, घरात नको, गाडीत नको. बंदुका असतील तिथे उभासुद्धा राहू नकोस." पुढे लग्न झालं. बायकोची, मॅरिसची बंदूक तिच्या बहिणीच्या, लोर्नाच्या तळघरात राहिली. मॅरिस गेली, बंदूक लेकीच्या हातात आली, तरी तिचा मुक्काम तळघरातच. ब्रिनला एवढंच सांगितलेलं, की मावशीचं तळघर कोरडं आहे, तिथे गंज धरत नाही. पोरीसमोर चोर ठरायची लॉवेलला फार भीती वाटायची. तिला आई नव्हती. बाप तरी धड असावा, असं त्याला वाटायचं.

शेवटी एकच वाट उरली होती, कोच वेंडेलची. वेंडेल म्हणाला होता, "मी नेतो की बंदूक. एवढा फॉर्म भरून दे." फॉर्म सरळ होता, पण तिसऱ्या ओळीशी येऊन लॉवेलचं पेन अडलं. 'ही बंदूक माझ्या ताब्यात असते आणि ती बाळगण्यास मला कोणत्याही कायद्याने मनाई नाही.' खाली पालकाची सही. खोटी सही ठोकावी, असं एकदा मनात आलंही. मग त्याला आठवलं, की दुकानाचं कुलूपही असंच 'कोण बघतंय' म्हणत फोडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो धारा काढत असताना ब्रिन गोठ्यात आली. तिच्या हातात तोच कोरा फॉर्म होता.

"चार दिवस झाले. फ्रिजवर तसाच लटकतोय," ती म्हणाली. "सही का नाही केलीस?"

"बघतो म्हटलं ना."

"बघतोस काय? सरळ सांग ना, मी जाऊ नये असं वाटतंय तुला. चार वर्षांत एकदा तरी आलास का मला बघायला? संघातल्या एमाचे आजोबा चाकाच्या खुर्चीतून येतात, डॅड! आणि तुझ्या म्हणे गाई."

लॉवेलने यंत्र बंद केलं. त्याला वाटलं, आता हिला डार्ला, ट्रॉय, पूल, डिकी सगळं सांगावं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मी तुरुंगात होतो."

ब्रिन हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली.

त्याने सगळं सांगितलं. अवजारांचं दुकान, आठ महिने, वकील, तिसरी ओळ. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या गाईच्या पाठीवरचा गवताचा कचरा वेचत होता.

"म्हणजे तळघर कोरडं आहे म्हणून नाही?" ब्रिनने विचारलं.

"तळघर कोरडंच आहे."

"आणि गाई?"

"गाईही खऱ्याच." मग तो हळूच म्हणाला, "दर गुरुवारी तुझ्या सरावाला मी येतो. मैदानामागच्या खडीच्या रस्त्यावर, पॉपलरच्या उंच झाडांच्या मागे. गाडीत बसून ऐकतो. तुझी फेरी कधी आहे ते एमाच्या आजोबांना विचारून ठेवतो. पंचवीस आवाज मोजतो आणि परत येतो."

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? आवाज कळतो गं. लागली की नाही, ते नाही कळत."

ब्रिनने फॉर्मची घडी घातली, उघडली, परत घातली. मग ती निघून गेली. ती रागावली, की तिला रडू आलं, की आणखी काही, लॉवेलला काही उमगेना. तासाभराने त्याने वेंडेलला फोन लावला आणि तीच गोष्ट त्याच दिवशी दुसऱ्यांदा सांगितली.

"अरे, मला माहितीये," वेंडेल म्हणाला. "शाळेत तुझ्या एक वर्ष मागे होतो मी. सगळ्या तालुक्याला माहितीये. बंदूक लोर्नाच्या ताब्यात असते ना? मग लोर्नाची सही घेतो आणि तुझी ती ओळ मी खोडतो. ब्रिन आत्ताच येऊन बंदूक कुठे आहे ते सांगून गेली. मी निघालोच आहे लोर्नाकडे."

चार दिवस, चार माणसं, कॅलेंडरचे बाण, आणि उत्तर एका मिनिटात. "आणि मी?" लॉवेलने विचारलं. "मी तिथे येऊ शकतो का?"

"तुला अडवलंय कोणी?"

"वकील म्हणाला होता, उभासुद्धा राहू नकोस."

"सव्वीस वर्षांपूर्वी?" वेंडेल म्हणाला. "मला काही ते कळत नाही, लॉवेल. तू असं कर, कुंपणाबाहेर उभा राहा. तिथे बाजूच्या कुरणातल्या गाई रोज उभ्या असतात. त्यांना अजून कोणी काही बोललेलं नाही."

शनिवारी सकाळच्या धारा आटोपून लॉवेल बाहेर आला, तेव्हा ब्रिन पिकअपमध्ये बसून हॉर्न वाजवत होती. ती चालवणार होती. सीटवर सँडविचचा डबा होता, मागे काही नव्हतं. तरी पुलाच्या अलीकडे लॉवेलने तिला गाडी बाजूला घ्यायला लावली, सीटखाली वाकून बघितलं आणि एक लाल काडतूस सापडलं म्हणून त्याचा जीव उडाला.

"रिकामं आहे ते," ब्रिन म्हणाली.

"रिकामं चालतं का?"

"माहीत नाही."

"मलाही नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि कालपासून पहिल्यांदाच ब्रिनला हसू फुटलं. काडतूस तिने उचललं आणि पेट्रोलपंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकलं. मग त्यांनी पूल ओलांडला.

कुंपणाबाहेर खरोखरच गाई होत्या. लॉवेल त्यांच्यात जाऊन उभा राहिला. आत पाच पोरं ओळीने आली, त्यांत चौथी ब्रिन होती. वेंडेलने तिच्या हातात मॅरिसची बंदूक दिली. तिने ती खांद्याला लावली, खाली घेतली आणि मान वळवून कुंपणाकडे बघितलं. मग ओरडून तबकडी मागितली. पहिली न फुटता तशीच्या तशी पुढे उडत गेली आणि गवतात पडली.

दुसरी फुटली. नारिंगी धुरळा हवेत पसरला आणि वाऱ्याबरोबर सरकला. लॉवेलने दोन्ही हातांनी तार घट्ट धरली. चार वर्षं त्याने हजारो आवाज मोजले होते, पण हे एकदाही पाहिलं नव्हतं. आपण उगीच दूर राहिलो, की बरोबर राहिलो, हे त्याला अजूनही कोणी नक्की सांगितलं नव्हतं. आता त्याला ते विचारायचंही नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला तार सोडली तर एखादी तबकडी बघायची राहून जाईल, म्हणून त्याने ते तसंच वाहू दिलं.

फेरी संपल्यावर बंदूक वेंडेलकडे देऊन ब्रिन धावत कुंपणापाशी आली.

"किती लागल्या?" तिने विचारलं. आकडा फळ्यावर लिहिलेला होता, तिला तो माहीत होता.

"बावीस," लॉवेल फळ्याकडे न बघताच म्हणाला.