काळ्या कोटाची काजं

फोन थरथरला तशी ठमी वही तिथेच टाकून वाचनालयाच्या जिन्याकडे धावली. आत बोलायला बंदी होती. जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, तिथे आवाज स्वच्छ येई. विद्यापीठातल्या कुठल्याही वर्गात केलं नसेल इतकं काम ठमीने त्या वळणावर उभ्या उभ्या केलं होतं.

काम दुभाष्याचं. तिच्या बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. घरात मराठी चाले आणि दाराबाहेर दुसरी भाषा. त्या दुसरीला घरात सगळे 'बाहेरची' म्हणत, जशी काही ती आईची सवतच. बाबा या गावात आले ते ऐन चाळिशीत, आणि मशीनवर मान खाली घालून बसले ते बसलेच. बाहेरचीतले त्यांना आखूड, लांब, सैल, घट्ट आणि 'उद्या' एवढेच शब्द येत. शिंप्याचं निम्मं आयुष्य 'उद्या'वरच निघतं, असं आईचं म्हणणं. गिऱ्हाईक त्यापलीकडे काही बोलायला लागलं, की बाबा ठमीला फोन लावत, तो काउंटरवर ठेवून स्पीकर चालू करत आणि हाताची घडी घालून उभे राहत. मग फोनमधून ठमी दोघांशी आलटून पालटून बोले.

कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं. विद्यापीठात ते कुणाला उच्चारता येत नसे आणि घरी कुणी उच्चारत नसे, त्यामुळे ते कागदोपत्रीच राहिलं.

शाळेत होती तेव्हापासून ती हे काम करत होती आणि त्यातली मेख तिला लवकरच कळली होती. नुसते शब्द इकडचे तिकडे केले असते, तर दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं. गिऱ्हाईक ओरडे, "माझ्या पँटची पार वाट लावलीय यांनी!" ठमी बाबांना सांगे, "म्हणतायत, कंबरेत जरा सैल करता येईल का?" बाबा उसळत, "सांग त्याला, पँट तेवढीच आहे, पोट वाढलंय!" ठमी गिऱ्हाइकाला सांगे, "वडील म्हणतात, अगदी आनंदाने." परिणाम असा झाला, की अख्खं गाव सालस आहे अशी बाबांची खात्री पटली आणि आपला शिंपी म्हणजे देवमाणूस, अशी गावाची. बाबांचा चढलेला आवाज लोकांना ऐकू येई, नाही असं नाही. पण एका बाईंनी ठमीला कौतुकाने सांगितलं होतं, "तुमची भाषाच जरा जोरकस आहे, नाही का?"

ठमीला या सगळ्याचा अभिमान होता. का नसावा? विद्यापीठात तिचं तोंड उघडत नसे. चर्चेत मुद्दा सुचायचा मराठीत, त्याला बाहेरचीचे कपडे चढवून तो वेशीपर्यंत आणावा तोवर चर्चा पुढच्या गावाला गेलेली असे. घरी आलं की उलटी गत. दिवसभर काय शिकली हे आईने विचारलं, तर सांगायला मराठी शब्द सापडत नसत, आणि आई म्हणे, "असू दे, दमली असशील." दोन भाषा येत असून दोन्हीकडे गप्प बसायची पाळी. तिला खरी वाचा फुटायची ती त्या जिन्याच्या वळणावर, आणि तिथे ती दोन्ही बाजूंना सुखी ठेवायची.

आजचा फोन हॉटेलच्या मॅनेजरसाठी होता. बाबांचं दुकान खरं चालायचं ते त्या हॉटेलवर. तिथल्या वेटरांचे काळे कोट आणि पांढरे शर्ट बाबा शिवत. बाकीची गिऱ्हाइकं येऊन जाऊन. हॉटेल सुटलं तर मशीनवर कापड टाकून झाकून ठेवायची, हे घरातल्या तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

"हे बघ," मॅनेजर फोनमधून म्हणाला, "हे मी तुला आधीही सांगितलंय. काळ्या कोटांची काजं वेडीवाकडी झाली आहेत. काही काजं बटणासमोर येतच नाहीत. जेवण वाढताना वेटरच्या कोटाचं बटण सुटतं. शुक्रवारी उरलेले कोट येतील, तेही असेच असले तर मी सगळं काम दुसरीकडे देणार. त्यांना नीट सांग."

तो खरंच आधीही बोलला होता. मागच्या वर्षापासून बोलत होता. आणि दर वेळी ठमीने बाबांना सांगितलं होतं, "काम छान झालंय म्हणतायत. काजं तेवढी जरा बघा." बाबा हसून म्हणत, "बघतोच की. गुणी माणूस आहे बघ, कधी आवाज चढवत नाही."

"काय म्हणतायत साहेब?" फोनमधून बाबांनी विचारलं.

तिची मार्गदर्शक बाईंशी भेट ठरलेली होती आणि आधीच उशीर झाला होता. जिन्याच्या खिडकीतून ठमीला काही दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर होते ते काउंटरपाशी हाताची घडी घालून उभे असलेले बाबा.

"शुक्रवारचं काम सावकाश करा म्हणतायत," ती म्हणाली. "काजं जरा नीट बघून." आणि मॅनेजरला म्हणाली, "वडिलांनी शब्द दिलाय. या वेळी तक्रार राहणार नाही."

फोन बंद झाला. शब्द काही बाबांनी दिला नव्हता.

बाईंच्या खोलीत टेबलावर तिचाच अहवाल पडला होता. ठमी पाण्याचं शास्त्र शिकत होती. कारखान्यापलीकडच्या जुन्या वस्तीतल्या नळांचं पाणी तिने स्वतः दारोदार फिरून बाटल्यांत भरून आणलं होतं आणि तपासलं होतं. आकडे तिने चोख मांडले होते. बाईंनी शेवटचं पान उघडलं आणि एक वाक्य मोठ्याने वाचलं. "काही नळांच्या बाबतीत थोडीशी चिंता व्यक्त करण्यास कदाचित वाव असू शकतो." मग चष्मा काढला.

"हे पाणी तू पिशील?"

"नाही," ठमी म्हणाली.

"घरच्यांना देशील?"

"नाही."

"मग तसं लिहिलेलं कुठाय? वस्तीतले लोक हे वाचून ठरवणार आहेत, नळाखाली भांडं लावायचं की नाही. हे वाक्य कुणाला जपतंय? त्यांना की तुला?"

ठमीला सांगायचं होतं, की आमच्याकडे असं तोंडावर बोलत नाहीत. पण ते वाक्य बाहेरचीत जुळवता जुळवताच तिच्या लक्षात आलं, की हे धादांत खोटं आहे. तिचे बाबा सगळ्यांच्या तोंडावरच बोलतात. आईही काही कमी नाही. घरात कडू बोलायला घाबरणारी एकटी तीच होती. तिला बाईंचा राग आला, आणि पायऱ्या उतरेपर्यंत तो राग बाईंवर टिकेना.

दुपारचे वर्ग सोडून ती बस पकडून दुकानात गेली.

बाबा मशीनवर होते, मांडीवर काळा कोट. शेजारच्या स्टुलावर बसून आई सुया ओवत होती आणि ओवलेली एकेक सुई बाबांच्या हाताशी असलेल्या उशीत टोचून ठेवत होती. हे दृश्य ठमीने कितीदा पाहिलं होतं. आज तिला ते धड बघवेना.

"आज कॉलेज नाही वाटतं?" बाबांनी विचारलं.

"होतं. बाबा, सकाळी मॅनेजर काय म्हणाले ते मी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

आणि मग तिने सांगितलं, त्याच्याच शब्दांत. वेडीवाकडी काजं, सुटणारी बटणं, शुक्रवार, आणि काम दुसरीकडे. मराठीत हे सगळं इतकं उघडंवाघडं वाटलं, की शेवटचं वाक्य तिने कोटाकडे बघत सांगितलं.

बाबांनी पायडलवरचा पाय काढला. मशीन थांबली.

"कधीपासून म्हणतोय?"

"मागच्या वर्षापासून."

"आणि मला काय सांगत होतीस?"

त्याचं उत्तर बाबांना माहीतच होतं. ते उठले आणि कोट घेऊन दारापाशी उजेडात गेले. काजावरून त्यांनी अंगठा फिरवला, मग कोट डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले. "काळ्या कापडावर काळा दोरा. हाताच्या अंदाजाने चाललंय. मनात यायचं, चुकत तर नसेल? पण मग तू सांगायचीस, साहेब खूश आहेत. म्हटलं, चला, डोळे गेले तरी हात शाबूत आहे."

"बाबा, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं! मग मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो असतो. खिडकीत मशीन लावली असती. काळं काम नको म्हणालो असतो, माझं मी. वर्षभर मी त्या माणसाला भिकार काम नेऊन दिलं आणि वर हसून हात जोडले. मी काय कुक्कुलं बाळ आहे, मला भरवायला?"

"तिला कशाला बोलताय," आई मध्ये पडली.

"तुला माहीत होतं?"

"सुया मी ओवते, मला कळणार नाही?" आई म्हणाली. "पण साहेब खूश आहेत म्हटल्यावर मी कोण बोलणारी? वाटलं, चालत असेल त्यांना."

ठमीला रडू फुटलं, आणि ते काही तिने आवरलं नाही. बाबांवर आलेला प्रसंग तिने स्वतःच्या हाताने शिवून तयार केला होता, तोही चांगला पक्का, दुहेरी टीप घालून.

"रडायचं ते नंतर रड," बाबा म्हणाले. "फोन लाव त्याला. मी जे बोलेन ते तसंच्या तसं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही आणि काही पोटात ठेवायचं नाही."

तिने फोन लावला आणि काउंटरवर ठेवला. बाबांनी या वेळी हाताची घडी घातली नाही.

"सांग, काजं बिघडली ती माझी चूक. मला काळं दिसत नाही आता."

तिने सांगितलं.

"शुक्रवारचे कोट मी शिवणार नाही. कापड घेऊन जा. पांढरे शर्ट मला अजून दिसतात आणि तसे शर्ट या गावात दुसरं कुणी शिवत नाही. ठेवायचे तर ठेवा, नाहीतर तेही न्या."

ठमीची जीभ अडली. सवयीने तिथे एक 'कृपया' आला होता, तो तिने गिळला आणि जसं होतं तसं सांगितलं.

"आणि सांग, हे मला आजच कळलं. वर्षभर माझ्या मुलीने मला सांगितलं नाही."

"हेही?"

"हेही."

एवढी साधी वाक्यं, पण आयुष्यात इतकं अवघड भाषांतर तिने केलं नव्हतं. 'माझ्या मुलीने' असं स्वतःबद्दल, स्वतःच्याच तोंडाने. मग मॅनेजर बोलू लागला आणि ठमी वाक्यामागून वाक्य सांगू लागली.

"म्हणतायत, कोटांचं काम ते दुसरीकडे देणार. उद्या माणूस येऊन कापड नेईल."

बाबांनी मान डोलावली. हे त्यांना अपेक्षितच होतं.

"म्हणतायत, शर्ट तुमच्याकडेच राहतील. ते स्वतः घालतात तेही तुम्ही शिवलेलेच आहेत. ते काम ते दुसऱ्या कुणाला देणार नाहीत."

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"हे तू पदरचं घातलंस."

"नाही बाबा. खरंच तसं म्हणाले."

"तू नेहमीच असं सांगतेस."

पहिल्यांदाच ठमीजवळ एक गोड वाक्य होतं, अस्सल, दुसऱ्याने स्वतःहून दिलेलं, आणि ते घ्यायला बाबा तयार नव्हते. तिने आईकडे पाहिलं. आई उशीतल्या सुया सारख्या करत होती. कुणी तिची बाजू घ्यावी अशी जागाच तिने ठेवली नव्हती, आणि हे तिला आत कुठेतरी फार लागलं.

बाबांनी पुढे होऊन काउंटरवरचा फोन उचलला. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक बोलत असताना त्यांनी तो कधी हातात घेतला नव्हता. तो तोंडाजवळ धरून ते म्हणाले, "शर्ट?"

तिकडे मॅनेजर गोंधळला असावा. मग त्याला कळलं. त्याने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बाबा डोळे मिटून ऐकत होते. ठमी मध्ये काही बोलली नाही. बाबांनी "उद्या" म्हणून फोन बंद केला आणि खाली ठेवला.

"कळलं?" तिने विचारलं.

"शब्द नाही कळले," बाबा म्हणाले. "पण कोटाचं ज्या आवाजात बोलला, त्याच आवाजात शर्टाचंही बोलला. म्हणजे खरं असणार."

ते परत मशीनवर जाऊन बसले. मांडीवर काळा कोट नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"तुझा आवाज मात्र बदलायचा गं," ते म्हणाले. "दर वेळी बदलायचा. मला वाटायचं, फोनमुळे."