'काळफेरी'चे रीटेक

शाल्मली यंत्रातून बाहेर आली, की प्रत्येक वेळी तिची आई आधीपेक्षा लहान झालेली असायची.

'काळफेरी' ही मुलांची मालिका. सांगलीजवळच्या एका बंद सूतगिरणीच्या शेडमध्ये तिचं शूटिंग चाललं होतं. यंत्र म्हणजे चंदेरी रंग दिलेलं प्लायवूडचं कपाट. शाल्मलीने आत जायचं, दिवे लुकलुकले की दार ढकलून बाहेर यायचं आणि म्हणायचं, "आपण परत आलोय, पण हे आपलं घर नाही." एवढंच. तरी ती अडखळत होती. दार उघडलं की कॅमेऱ्यामागे बसलेली आईच आधी दिसायची.

पहिल्या चुकीला आईचे पांढरे केस काळे झाले. शाल्मलीला ते आवडलंसुद्धा.

"घाई नको करू," आई म्हणाली. "श्वास घे, मग बोल."

पुढच्या चुकीनंतर आईचं पोट पुढे आलं होतं. ती त्यावर हात ठेवून अवघडून बसली होती. ते बघून शाल्मली वाक्याचा शेवटच विसरली. मग पोट उरलं नाही. मग मंगळसूत्रही उरलं नाही.

"सर, थांबूया ना," ती दिग्दर्शक धुरी सरांना म्हणाली.

"एक वाक्य आहे, शाल्मली. नीट म्हण, की सुट्टी."

असिस्टंट नीलमताई तिची वेणी सारखी करायला आली. शाल्मलीने तिला हळूच सगळं सांगितलं.

"होतं असं," नीलमताई पिन दातात धरून म्हणाली. "तुझ्याआधी हे काम करायची त्या मुलीची आईपण अशीच गेली."

"कुठे?"

"लहान होत."

शाल्मली परत आत गेली. बाहेर आली तेव्हा खुर्चीत दोन वेण्यांची, कॉलेजातली वाटावी अशी मुलगी होती. तिने शाल्मलीकडे निरखून पाहिलं.

"तू कुणाची गं?"

"तुझीच."

मुलगी हसली. "माझं लग्न तरी झालंय का?"

पुढच्या वेळी शाल्मलीने डोळे मिटून वाक्य म्हटलं. एक शब्दही चुकला नाही. धुरी सरांनी टाळी वाजवली. तेवढ्यात कॅमेरामन म्हणाला, भिंतीवर माइकची सावली आली. पुन्हा घ्यावं लागेल.

आता खुर्चीवरच्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती शाल्मलीएवढीच होती आणि रडवेली झाली होती. इथे तिच्या ओळखीचं कोणीच नव्हतं.

शाल्मली तिच्यापाशी गेली. हिला एकटीला बाहेर ठेवायचंच नाही, असं तिने ठरवलं.

"माझ्याबरोबर आत येतेस?"

"अंधार आहे का?"

"थोडा. मी हात धरते."

दोघी आत गेल्या. कपाटात ओल्या रंगाचा वास होता. आईचा तळहात घामेजला होता, आणि शाल्मलीने तो घट्ट धरला. दिवे लुकलुकले. बाहेरून आवाज आला, "ॲक्शन."

शाल्मलीने खांद्याने दार ढकललं. समोर भिंगाकडे बघत तिने श्वास घेतला आणि वाक्य स्पष्ट, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

कोणीच कट म्हणेना. सगळे तिच्या पायांकडे बघत होते. शाल्मलीने खाली पाहिलं नाही. तिच्या मुठीत आता हात नव्हता. कोणीतरी खालून तिचं एक बोट गच्च धरलं होतं.